राजलक्ष्मीबाई आणि मेट्टिलमनेच्या पायऱ्या

बंगळूरच्या चामराजपेटेतल्या राजलक्ष्मीबाई नगरसेविका झाल्या, त्यात त्यांचा स्वतःचा हात फारच थोडा होता. १९९६ची निवडणूक लागली आणि त्यांचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. त्या वॉर्डावर वर्षानुवर्षं डोळा ठेवून बसलेले त्यांचे यजमान हणमंतराव तोंड पाडून घरी आले. दोन दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना एकदम आठवलं, की आपल्याला बायको आहे. बायको त्या वेळी खिडकीपाशी बसून कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत होती.

"राजी, तुला उभं राहायचंय," ते म्हणाले.

"कुठं?" बाईंनी विचारलं.

"कार्पोरेशनला."

"सरी," बाई म्हणाल्या. बरं. आणि त्यांनी दाताने दोरा तोडला. त्यांना वाटलं, कुठेतरी एक सही करायची असेल.

पोस्टर छापून आलं तेव्हा त्यावर हणमंतरावांचा फोटो थाळीएवढा होता आणि बाईंचा खाली कोपऱ्यात वाटीएवढा, हात जोडलेला. मतं मात्र पडली ती वाटीलाच. पेठेतल्या निम्म्याअधिक बायकांचे ब्लाउज राजलक्ष्मीबाईंनी शिवलेले होते. लग्नाचे शिवले होते, डोहाळजेवणाचे शिवले होते आणि नंतर अंग सुटल्यावर त्याच ब्लाउजांच्या शिवणी न हसता उसवूनही दिल्या होत्या. अशा बाईला मत द्यायला पोस्टर कशाला लागतं? पण हे हणमंतरावांना कोण सांगणार. ते आपल्या प्रचाराच्या यशावर महिनाभर हार घालून घेत हिंडले.

त्यांच्या घराण्याचे लोक शहाजीराजांच्या काळात घोड्यावर बसून इकडे आले, असं हणमंतराव पाहुण्यांना सांगत. घोडे कधीच गेले. उरली ती मराठी, आणि तीही घरातल्या घरात. उंबऱ्याबाहेर सगळा कारभार कन्नडात. भांडण तेवढं दोन्ही भाषांत चाले, ज्या भाषेत शब्द आधी सापडेल त्या.

नगरसेविका झाल्यावरही बाईंचं आयुष्य फारसं बदललं नाही. लोक 'कार्पोरेटरसाहेब' म्हणून हाक मारत ती हणमंतरावांना, आणि तेही खुशाल ओ देत. नळाची, गटाराची, दिव्याची तक्रार ते ऐकून घेत, इंजिनियरला दम ते देत. बाईंनी फक्त महिन्यातून एकदा सभागृहात जाऊन बसायचं. तिथे त्यांच्या गटाचे नेते श्रीरंगण्णा पहिल्या रांगेत असत. श्रीरंगण्णांचा हात वर गेला की बाईंनी हात वर करायचा, त्यांचा खाली आला की खाली घ्यायचा. एकदा अण्णांनी कान खाजवायला हात वर नेला, आणि बाईंचाही हात वर गेला. मागच्या रांगेत खूप हसणं झालं. बाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांना त्या खुर्चीची हौसच नव्हती.

हौस होती ती एकाच गोष्टीची. संध्याकाळी मशीन बंद करून होन्नकेरेच्या काठी जाऊन बसायची.

होन्नकेरे म्हणजे पेठेच्या पाठीमागचं तळं. बंगळूरमधली कितीतरी तळी बुजवून त्यांच्यावर बसस्टँड झालं, स्टेडियम झालं. हे आपलं कसंबसं उरलं होतं. उन्हाळ्यात अर्धं आटायचं, पावसाळ्यात पुन्हा भरायचं. त्याच्या काठावर एक जुनं दगडी घर होतं. म्हैसूर दरबारच्या पदरी असलेल्या कुणा मराठी घोडेस्वाराने ते दीडेकशे वर्षांपूर्वी बांधलं, आणि घरापेक्षा जास्त पैसा पायऱ्यांवर घातला. ओसरीपासून थेट पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या त्या रुंद, काळ्या, पायांनी गुळगुळीत झालेल्या पायऱ्या पाहून लोक घराला 'मेट्टिलमने', म्हणजे पायऱ्यांचं घर म्हणत. घर पुढे आताचे मालक कृष्णमूर्ती यांच्या आजोबांनी विकत घेतलं. तेव्हापासून त्या घराचा एक रिवाज होता. ऊन उतरलं की फाटक उघडायचं, आणि आलेल्या बाईला कोण, कुठची, कशाला आली, हे विचारायचं नाही.

पेठेतल्या बायका तिथे येऊन बसत. काही करत नसत. राजलक्ष्मीबाई सतराव्या वर्षी लग्न होऊन या पेठेत आल्या, तेव्हा दोन खोल्यांच्या घरात सासू, सासरे, दीर, नणंदा धरून माणसंच माणसं होती. पाय पसरायचे तर कुणाच्या तरी पाठीला लागायचे. एका संध्याकाळी शेजारणीबरोबर त्या मेट्टिलमनेच्या पायरीवर येऊन बसल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, की दिवसभरात पहिल्यांदाच आपल्याकडे कुणी काही मागत नाहीये. त्या दिवशी त्यांना रडू आलं, आणि कुणी का रडतेस असंही विचारलं नाही. त्याचंच त्यांना सगळ्यात बरं वाटलं.

तर हे घर विकायला निघालं. १९९७च्या श्रावणात कृष्णमूर्ती स्वतःच काठी टेकत बाईंच्या शिलाईच्या दुकानात आले. ते कॉलेजात शिकवून निवृत्त झाले होते, गुडघे गेले होते, आणि म्हैसूरला मुलीकडे राहायला निघाले होते. एक बिल्डर मागे लागला होता. त्याला तिथे फ्लॅट बांधायचे होते आणि पाण्यापर्यंत भिंत घालायची होती.

"तो भाव चांगला देतोय, अम्मा," कृष्णमूर्ती कन्नडात म्हणाले. "पण कार्पोरेशन घेत असेल तर मी कमी घेईन. पायऱ्या राहतील. दसऱ्यापर्यंत थांबतो. त्यापुढे माझे गुडघे थांबायचे नाहीत."

बाईंच्या हातातली कात्री तशीच राहिली. भिंत उभी राहिली की पायऱ्या गेल्या, हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

घरी हणमंतरावांनी ऐकून घेतलं आणि हात झटकला. "जुनी घरं गोळा करत बसायला कार्पोरेशन काय म्युझियम आहे? श्रीरंगण्णांना हे अजिबात आवडायचं नाही. तू यात पडू नको."

"मी पडत नाही," बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी महापालिकेच्या कचेरीत ठराव देऊन टाकला. नवऱ्याने न लिहिलेल्या कागदावर ही त्यांची पहिली सही.

ठराव सभेपुढे आला तेव्हा श्रीरंगण्णा उठले. माणूस वाईट नव्हता, आणि त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. अर्ध्या शहराला एक दिवसाआड पाणी, पावसात गटारं तुंबून घरात पाणी, आणि आपण तळ्याकाठचा बंगला घ्यायचा? मग ते बाईंकडे वळले आणि अगदी गोड आवाजात त्यांनी विचारलं, "अक्का, तिथं होतं तरी काय?"

बाई उभ्या राहिल्या. "बायका बसतात," त्या म्हणाल्या.

"बसून काय करतात?"

बाईंनी खूप विचार केला. "काही नाही," त्या म्हणाल्या.

सभागृह हसलं. नुसतं गालात नाही, बाकं वाजवून हसलं. विरोधी गटाच्या नेत्या अंबूबाई तेवढ्या हसल्या नाहीत, पण त्यांनी मानही वर केली नाही. त्या समोरचे कागद चाळत राहिल्या. मेयरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला. राजलक्ष्मीबाईंच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. घरी येऊन त्यांनी त्या रागात तीन ब्लाउज शिवले, आणि तिन्हींच्या बाह्या उलट्या लागल्या.

राग उतरल्यावर त्यांच्या मनात आलं, की हसलेले सगळे पुरुष होते. पायरीवर बसून काही न करण्यात काय असतं, हे त्यांना कळावं कसं? ते हॉटेलच्या कट्ट्यावर, पानाच्या दुकानापाशी, पारावर आयुष्यभर बसत आले आहेत. त्यांना कधी कुणी विचारलं नाही. बाई घराबाहेर नुसती उभी राहिली की पाचव्या मिनिटाला कुणीतरी विचारतं, कुणाची वाट बघताय? देवळात बसता येतं, पण तिथे देव समोर असतो आणि हात जोडावे लागतात. हे तोंडाने सांगून पटायचं नाही, नेऊन बसवायला हवं, असं त्यांनी ठरवलं. सभागृहात आता बायका पुष्कळ होत्या. बऱ्याचशा त्यांच्यासारख्याच, कुणाच्या तरी हाताकडे बघून हात वर करणाऱ्या.

गौरीचा सण तोंडावर आला होता. महाराष्ट्रात हरताळिका असते त्या दिवशी इथे स्वर्णगौरी असते, आणि त्या दिवशी बायका एकमेकींना बागिन देतात. एका सुपात हळदकुंकू, बांगड्या, फणी, आरसा, खण, डाळ-तांदूळ, गूळ आणि नारळ ठेवायचा, वर दुसरं सूप पालथं घालायचं, आणि देणारीने आपला पदर त्यावर धरून समोरचीच्या हातात द्यायचं. घेणारीही पदर धरते. बागिनाला बोलावलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही, मग पक्ष कुठलाही असो. कृष्णमूर्तींनी आनंदाने ओसरी दिली. बाईंनी सुपं आणली, हळद लावून वाळवली, आणि सगळ्या पक्षांच्या नगरसेविकांच्या घरी स्वतः जाऊन बोलावणं केलं. मुसलमान नगरसेविकेकडे गेल्या, ख्रिस्ती नगरसेविकेकडेही गेल्या. दोघी म्हणाल्या, येतो की.

हणमंतरावांनी कपाळाला हात लावला. "तू विरोधकांना ओटी भरायला बोलावलंस? अण्णांना काय तोंड दाखवू मी?"

"तोंड दाखवू नका. नारळ आणून द्या."

त्यांनी कुरकुरत नारळ आणून दिले.

गौरीच्या दिवशी मेट्टिलमने नुसतं फुलून गेलं. बागिन देऊन झालं, डाळीची कोसंबरी आणि पुरणाचे ओब्बट्टू खाऊन झालं, आणि आता निघायचं म्हणून उठलेल्या बायका पायऱ्यांवर जरा टेकल्या त्या टेकल्याच. तळं काठोकाठ भरलं होतं. सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. आधी बोलणं चाललं, मग हळूहळू थांबलं. एक तरुण नगरसेविका, जिच्या नवऱ्याचा ड्रायव्हर बाहेर सारखा हॉर्न वाजवत होता, ती पाण्यात पाय सोडून म्हणाली, "वाजवू दे." राजलक्ष्मीबाईंना तेव्हाच वाटलं, आपण जिंकलो.

आणि तिथेच त्यांची चूक झाली होती.

पुढच्या आठवड्यात महापालिकेच्या जिन्यावर अंबूबाई भेटल्या. अंबूबाई बनशंकरीच्या वॉर्डातून पुन्हा पुन्हा निवडून आलेल्या. जुन्या मराठी घरातल्याच, साठीच्या, बोलायला तिखट. त्यांच्या गटात पुरुषही होते आणि त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. अंबूबाई म्हणतील तिकडे ठराव जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

"गौरी छान झाली म्हणे," अंबूबाई म्हणाल्या. "सगळ्या होत्या."

"हो अक्का, सगळ्या..." बाई म्हणाल्या, आणि त्यांची नजर अंबूबाईंच्या रिकाम्या कपाळाकडे गेली.

अंबूबाई विधवा होत्या. बागिनाला विधवेला बोलावत नाहीत. राजलक्ष्मीबाईंनी ते ठरवून केलं नव्हतं. ठरवलं असतं तर निदान विचार तरी केला असता. मुसलमान बाईला बोलावताना त्यांना अवघड वाटलं नाही, ख्रिस्ती बाईला बोलावताना वाटलं नाही. स्वतःच्या भाषेतल्या, स्वतःच्या रीतीतल्या या एका बाईचं घर त्यांनी बनशंकरीत जाऊनसुद्धा ओलांडलं, आणि ओलांडलं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या पायांना जी सवय लागली, त्या सवयीने पाय पुढे गेले.

"माझा गट विरोधात आहे," अंबूबाई शांतपणे म्हणाल्या. "हळदीकुंकवाला कार्पोरेशनने घर घेऊन द्यायचं काय कारण?" आणि त्या जिना चढून गेल्या.

हणमंतराव म्हणाले, जाऊ दे, विषय संपला. बाईंनी ऐकलं नाही. त्यांनी दोन नवी सुपं घेतली, सगळं बागिन नव्याने भरलं आणि बसने बनशंकरीला गेल्या. बसमध्ये बायकांनी गौरीचं सूप बघून सरकून जागा दिली, तेव्हा बाईंना शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दार अंबूबाईंनी स्वतः उघडलं. सुपांकडे पाहिलं. आत बोलावून पाणी दिलं.

"मी चुकले, अक्का. हे घ्या."

"बेडा," अंबूबाई म्हणाल्या. नको. "तू चुकलीस असं मी म्हणत नाही. सगळ्या करतात तेच केलंस. मला बागिनाचा सोस नाही गं. पण जागा कुठली निवडलीस?"

मग त्यांनी सांगितलं. "आमचे गेले तेव्हा मी बाविशीची. चामराजपेटेतच होते मी, सासरी. सकाळी मी समोर आले की सासूबाई देवघरात परत जायच्या. रस्त्यात समोर आले की माणसं चप्पल काढून घरात जाऊन बसायची, थोडं थांबून निघायची. एकच जागा होती जिथून माझ्यामुळे कुणी उठून गेलं नाही. त्या पायऱ्या. तिथं सगळ्यांची तोंडं पाण्याकडं. माझं कपाळ कुणी बघत नव्हतं. खालच्या पायरीवर बसून मी ठरवलं, की शिकायचं, नोकरी करायची, कुणाला घाबरायचं नाही. आणि त्या पायऱ्यांवर तू बोलावणं केलंस, निवडून निवडून."

राजलक्ष्मीबाईंनी हातातली सुपं खाली ठेवली. डोळे भरून आले ते त्यांनी पुसले नाहीत.

"आता सुपं घेऊन जा," अंबूबाई म्हणाल्या. आवाज कठोर नव्हता. "सभेत मला काय करायचं ते मी सभेत करीन."

सभेच्या दिवशी हणमंतराव प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसले. बायकोने त्यांना सकाळी सांगितलं होतं, भाषण लिहून देऊ नका. त्यांनी तरी एक कागद तिच्या पिशवीत सरकवला होता. तो गटारांवरचा होता.

श्रीरंगण्णांनी पुन्हा पाण्याचं, गटारांचं सगळं मांडलं. या वेळी त्यांनी आणखी एक मुद्दा घातला. घरमालक चांगला आहे, नवा मालकही चांगला असेल, त्याला विनंती करू, की गौरीच्या दिवशी बायकांना येऊ द्या. खरेदी कशाला? बऱ्याच माना डोलल्या. मुद्दा बिनतोड होता. मग बसता बसता ते हळूच म्हणाले, "अक्का, ठराव मागे घ्या. मी हात वर करीन तेव्हा तुम्ही करा, म्हणजे झालं."

राजलक्ष्मीबाई उठल्या. "आज माझा हात मी वर करणार आहे, अण्णा," त्या म्हणाल्या, आणि वळून सभागृहाकडे तोंड केलं. बोलत होत्या कन्नडात, पण घरात बोलतात तशा.

"मागच्या खेपेला तुम्ही विचारलंत, तिथं बायका काय करतात. मी म्हटलं, काही नाही. तुम्ही हसलात. आता नीट सांगते. या शहरात बाईला काही न करता बसायला तेवढी एकच जागा मला माहीत आहे. आणि अण्णा म्हणतात मालकाला विनंती करू. मालक चांगला असतो तेव्हा काय होतं, तेही सांगते. गौरीच्या दिवशी ते घर एका दिवसापुरतं माझ्या हातात होतं. मी या सभेतल्या बायकांना बोलावलं. मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. तरी एका बाईला मी बोलावलं नाही. तिचा त्या पायऱ्यांवर माझ्यापेक्षा जास्त हक्क होता, आणि मीच तिला बाहेर ठेवलं."

सभागृहात आता कुणी हसत नव्हतं.

"माझ्यासारखी त्या पायऱ्यांवर जीव टाकणारी बाई जर एकीला विसरते, तर बिल्डर किती जणींना विसरेल? घर कुणाचंही असलं की बोलावणं आलं. आणि बोलावणं आलं की कुणीतरी बाहेर राहणार. कृष्णमूर्तींचं नको, माझंही नको, गौरीचंही नको. कार्पोरेशनचं करा. म्हणजे तिथं कुणाला बोलावणं लागणार नाही. मला एवढंच मागायचंय."

"कोण राहिली?" मागून कुणीतरी विचारलं.

"ते मी सांगणार नाही," बाई म्हणाल्या.

"मी सांगते," अंबूबाई उठून म्हणाल्या. "मी राहिले. कपाळाला कुंकू नाही म्हणून." त्यांनी एकेका रांगेवरून नजर फिरवली आणि ती जिथे जिथे गेली तिथे लोक खाली बघू लागले. "मी आज ठराव पाडायला आले होते. पण या बाईने स्वतःची चूक सगळ्यांपुढे मांडून मला जे पटवलं, ते माझ्या गटातल्या एकाही वकिलाला जमलं नसतं. पाणी द्या, गटारं करा, ती तर करायचीच आहेत, त्यासाठी आपण निवडून आलोय. पण एका जागेला दार नको, एवढं या शहराला परवडतं. माझा गट ठरावाच्या बाजूने आहे."

मेयरांनी हात वर करायला सांगितलं. राजलक्ष्मीबाईंनी कुणाकडेही न बघता हात वर केला. अंबूबाईंचा वर गेला, त्यांच्यामागे त्यांच्या गटाचे. मग बायकांच्या रांगांतून, पक्ष सोडून, बांगड्या वाजल्या आणि हातामागून हात वर येत गेले. मागच्या सभेत बाकं वाजवणारे पुरुष एकमेकांकडे बघायला लागले आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी हात वर केले, काहींनी पटलं म्हणून, काहींनी घरी जायचंय म्हणून. मोजून झालं. ठराव मंजूर. श्रीरंगण्णा हसून म्हणाले, "अक्का, माझी रांग तुम्ही मोडलीत." आणि त्यांनी मोठ्या मनाने हात जोडले. सज्जात हणमंतराव उभे राहून टाळ्या वाजवत होते. शिपाई त्यांना खाली बसा म्हणून सांगत होता आणि ते त्याला सांगत होते, की ती माझी बायको आहे.

त्या दिवसापासून पेठेत 'कार्पोरेटरसाहेब' अशी हाक आली की हणमंतराव मागे वळून म्हणू लागले, "त्या आत आहेत, शिवतायत."

दसऱ्याच्या आत खरेदी झाली. कृष्णमूर्तींनी किल्ली दिली आणि बाईंनी पहिलं काम केलं ते फाटक बिजागऱ्यांसकट उतरवून घेण्याचं. हणमंतरावांनी उद्घाटनाच्या पत्रिकेचा मजकूर तयार ठेवला होता. मेयर, आयुक्त, श्रीरंगण्णा, सगळी नावं क्रमाने. बाईंनी तो कागद घडी करून त्यांच्याच खिशात ठेवला.

"पत्रिका नाही," त्या म्हणाल्या. "एकही नाही."

"अगं पण लोकांना कळणार कसं?"

"कळेल."

आणि कळलं. त्या संध्याकाळी पेठेतल्या बायका तर आल्याच, पण कुठून कुठून आल्या. बाजारात भाजी विकणाऱ्या पाट्या बाजूला ठेवून आल्या, शाळेतल्या बाई आल्या, कामावरून सुटलेल्या गिरणीतल्या मुली आल्या, बुरखा घातलेल्या आल्या, कुंकू लावलेल्या आल्या, न लावलेल्या आल्या. वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंत पाय ठेवायला जागा उरली नाही. हणमंतराव आणि श्रीरंगण्णा रस्त्यापलीकडे चहा पीत उभे होते, कारण आज त्यांना बसायला कुठे जागाच नव्हती, आणि दोघांचेही चेहरे खुशीत होते. राजलक्ष्मीबाई अगदी खालच्या पायरीवर, दोन अनोळखी बायकांच्या मधे दाटीवाटीने बसल्या होत्या. भरलेल्या तळ्यावर ऊन तिरपं आलं होतं. एवढं सुख त्यांना निवडून आल्या त्या दिवशीही झालं नव्हतं.

कुणीतरी गर्दीतून वाट काढत एकेक पायरी उतरत आलं. बाईंनी मान वळवली नाही. कोण आलं हे बघायची तिथे कुणालाच गरज नव्हती.

"स्वल्प सरक गं," अंबूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारी बसल्या.